चियांग मायला घर आणि घरावर सोलार: नाशिकहून आलेल्या प्रश्नांना उत्तर

ताई म्हणून हक्काने विचारलंत, तर मीही मोकळेपणाने लिहिते. तुम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले. नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन थायलंडमध्ये चियांग मायला येऊन राहायचं म्हणताय. प्रश्न तीन आहेत: टीव्हीवर दिसणाऱ्या राजकीय गोंधळात आणि कंबोडियाच्या सीमेवरच्या लढाईत इथे राहणं कितपत सुरक्षित, भारतीय पर्यटकांसाठी छोटं गेस्ट हाउस आणि सहली चालवता येतील का, आणि नाशिकच्या बंगल्यांवर दिसतं तसं सोलार बसवून बिल शून्यावर आणता येईल का. माझं मत आधीच सांगते. राहायला जरूर या, धंद्याचा विचार सोडा, आणि सोलारचं गणित महावितरणच्या हिशेबाने मांडू नका.

बातम्यांपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांचं मूळ तिथे आहे. ऑगस्ट 2023 ते सप्टेंबर 2025 या काळात इथे तीन पंतप्रधान झाले. स्रेत्था थाविसिन यांना ऑगस्ट 2024 मध्ये घटना न्यायालयाने एका मंत्र्याच्या नेमणुकीवरून पदावरून काढलं. त्यांच्या जागी आलेल्या पेतोंगतार्न शिनावात्रा यांना कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं फुटल्यामुळे पुढच्याच ऑगस्टमध्ये जावं लागलं, आणि मग अनुतिन चार्नविराकुल आले. 2023 च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष तर 2024 मध्ये बरखास्तच झाला. दूर बसून वाचणाऱ्याला वाटतं, देश कोसळतोय. इथे मात्र त्या दिवशीही बाजार भरतो, शाळा सुटतात, बँकेत टोकन मिळतं. प्रशासनाचं चाक पंतप्रधानावर अवलंबून नाही.

तुमच्यासारख्यांना त्रास होतो तो घोषणांचा. प्रत्येक नवं सरकार नव्या घोषणा घेऊन येतं. परदेशी पर्यटकांकडून 300 बात (बात म्हणजे इथलं चलन) प्रवेश शुल्क घेण्याची बातमी मी इतक्या वर्षांत कितीदा वाचली! कॅसिनोचं विधेयक आलं आणि जुलै 2025 मध्ये मागे घेतलं गेलं. गांजा 2022 मध्ये मोकळा झाला, 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आला. म्हणून एक नियम पाळा: मंत्रिमंडळाने मंजूर केलं म्हणजे नियम लागू झाला असं धरू नका, थाई राजपत्रात छापून आलं की मगच खरं माना. राजपत्रावर बौद्ध वर्ष असतं, आपल्या सनात 543 मिळवायचे, म्हणजे 2025 चं 2568. इंग्रजीतून वाचायला बँकॉक पोस्ट आणि थाई पीबीएस वर्ल्ड पुरेसे आहेत. फेसबुकवरच्या गटांमधून किराणा कुठे मिळतो ते विचारा, व्हिसाचे नियम नको.

सीमेचं म्हणाल तर जुलै 2025 मध्ये पाच दिवस आणि डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली. ती सुरिन, सिसाकेत, उबोन राचाथानी अशा कंबोडियाला लागून असलेल्या पट्ट्यात. तिथल्या लोकांनी फार सोसलं, हजारो कुटुंबं घर सोडून छावण्यांत राहिली. चियांग माय देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

एका बाबतीत मात्र कळकळीने सांगते. राजघराण्याबद्दल लिहू नका, बोलू नका, दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे पाठवू नका. थाई दंडसंहितेच्या कलम 112 खाली एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे आणि परदेशी माणसालाही ते लागू होतं. एप्रिल 2025 मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाला याच कलमाखाली अटक झाली होती. नंतर खटला पुढे गेला नाही, पण तोवर त्याची नोकरी गेली होती.

आता पर्यटन. 2019 मध्ये इथे जवळजवळ 4 कोटी पाहुणे आले होते, तो आकडा अजून परत गाठलेला नाही. 2025 च्या सुरुवातीला एका चिनी अभिनेत्याला फसवून म्यानमारच्या सायबर-गुन्ह्यांच्या अड्ड्यावर नेल्याची बातमी पसरली आणि चिनी पर्यटक झपाट्याने घटले. त्याच अड्ड्यांवर आपली मुलंही अडकली होती. थायलंडमध्ये नोकरी म्हणून बोलावून माए सोत या सीमेवरच्या गावापलीकडे म्यानमारमध्ये नेलेल्या शेकडो भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. ओळखीतल्या कोणा तरुणाला अशी ‘डेटा एंट्री’ची ऑफर आली तर त्याला अडवा.

भारतीय पर्यटक मात्र वर्षाला 20 लाखांच्या वर गेले आहेत, तुमच्या मनातली कल्पना तिथूनच आली असणार. अडचण कायद्याची आहे. निवृत्तीच्या व्हिसावर काम करता येत नाही, स्वतःच्या गेस्ट हाउसमध्येही नाही. टूर गाइडचं काम परदेशी माणसाला पूर्ण बंद आहे. 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीने खोल्या द्यायच्या तर हॉटेलचा परवाना, किंवा अगदी छोट्या जागेला निदान सरकारी नोंद लागते, आणि अशा कंपनीत परदेशी हिस्सा सहसा 49 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. कोणी ‘थाई भागीदार नावापुरता दाखवू’ म्हणालं तर त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा. सध्या अशाच कंपन्यांच्या चौकश्या चालू आहेत. राहण्यासाठी मात्र निवृत्तीचा व्हिसा चांगला आहे: वय 50 पूर्ण, आणि बँकेत 8 लाख बात किंवा महिन्याला 65,000 बात उत्पन्न. वर्षात 180 दिवस राहिलात की इथले करदाते होता, आणि 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कर लागू शकतो. नाशिकच्या सीएला हे आधी दाखवा.

सोलारबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमचा उत्साह खरा आहे आणि इथलं ऊनही. पण छत कोणाचं? परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. कॉन्डो म्हणजे इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण त्याला स्वतःचं छत नसतं. म्हणजे घर भाड्याचं किंवा लीजवर, आणि वीजमीटर घरमालकाच्या नावावर. जादा वीज विकण्याचा करार मीटरधारकाशी होतो, तुमच्याशी नाही. 2025 मध्ये मंजूर झालेली 2 लाख बातपर्यंतची करसवलतही इथे आयकर भरणाऱ्यालाच उपयोगाची.

दुसरा फरक मोठा आहे. महावितरणचं नेट मीटरिंग युनिटला युनिट वजा करतं. इथे तसं नाही. तुम्ही वीज साधारण 4 बात युनिटने घेता आणि छतावरची जादा वीज 2.20 बातने विकता, तीही 10 वर्षांच्या कराराने आणि ठरलेल्या कोट्यात जागा मिळाली तर. घरगुती सिंगल फेजला मर्यादा 5 किलोवॅटची. त्यावर वर्षाच्या सरासरीने दिवसाला 18 युनिट धरा, महिन्याला 540. सगळी घरातच वापरली तर सुमारे 2,160 बात वाचतात. सगळी विकली तर 1,188. दीड-दोन लाख बात खर्च पहिल्या हिशेबाने सहा ते आठ वर्षांत निघतो, दुसऱ्या हिशेबाने तो करार संपेपर्यंतही निघत नाही. तुम्ही दोघं दिवसा घरी असणार, दुपारी एसी चालणार, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. वॉशिंग मशीन, पंप, गीझर सगळं दहा ते तीनच्या आत चालवायचं.

कागदपत्रं तीन ठिकाणी द्यावी लागतात: स्थानिक पालिका, ऊर्जा नियामक आणि प्रांतीय वीज प्राधिकरण म्हणजे पीईए. जुना चकतीचा मीटर उलटा फिरतो, म्हणून ‘कळवूच नका, बिल आपोआप कमी होईल’ असं सुचवणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि भुर्दंड मीटर ज्याच्या नावावर त्या मालकाला पडतो. आणखी एक, उन्हाळी वादळात वीज गेली की साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजपुरवठ्याला जोडलेलं सोलारही बंद पडतं. तेव्हा दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष सोलारशिवाय काढलं असतं. घर भाड्याने घेताना बिल थेट पीईएचं येतं का ते पाहा. काही मालक स्वतःच्या दराने 7-8 बात युनिट लावतात. वर्षभराची बिलं हातात आली की मालकाशी लेखी ठरवा: पॅनेल कोणाचे, घर सोडताना त्यांचं काय, छत गळलं तर दुरुस्ती कोणाची. आणि घर बघायला डिसेंबरच्या गुलाबी थंडीत येऊ नका. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, डोंगर दिसेनासे होतात, हवा श्वास घेण्यासारखी राहत नाही, पॅनेलवरही थर बसतो. तुमच्या मिसेसना दम्याचा त्रास आहे असं लिहिलंत, म्हणून मार्चमध्येच तीन आठवडे येऊन राहा. तो महिना त्यांना सोसला नाही, तर हुआ हिनसारखं समुद्राकाठचं गाव बघू. तिथलं भाडं आणि विजेचं मी विचारून ठेवते.