स्मार्ट ‘पास्ड’ म्हणतंय, तरी डिस्क बदलाच

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतंय: ऑफिसचा लिनक्स सर्व्हर, ४ टीबीच्या दोन सॅटा डिस्क, सॉफ्टवेअर रेड १ (तोच डेटा दोन्ही डिस्कवर). मधूनच सगळं अर्धा-अर्धा मिनिट गपगार होतं, लॉगमध्ये एसडीबीच्या (लिनक्सने दुसऱ्या डिस्कला दिलेलं नाव; पहिली एसडीए) नावाने रीड एरर येतात, आणि स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचा, निकाल मात्र ‘पास्ड’. केबल बदलून भागेल का, असं विचारलंय.

नाही भागणार. केबलचा दोष असता तर १९९ नंबरचा, म्हणजे सीआरसी एररचा आकडा चढला असता. तुमच्याकडे तो शून्य आहे. आणि ‘पास्ड’च्या शिक्क्याकडे लक्षच देऊ नका. तो डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादांवर मिळतो आणि त्या मर्यादा भलत्याच सैल असतात. स्मार्टच्या तक्त्यातला शेवटचा, कच्च्या आकड्यांचा रकाना बघा. ५ नंबर म्हणजे खराब निघाल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून फैसला न झालेले. तुमचा १९७ गेल्या आठवड्यात ८ होता, आता २४. (आठच्या पटीत का, तर आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा आणि मोजणी ५१२ बाइटच्या हिशोबाने.) गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता: पहिली स्कॅन एरर (डिस्कला स्वतःच्या तपासणीत सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार स्मार्ट आकड्यांत काहीच दाखवलं नव्हतं, हेही ध्यानात असू द्या.

गपगार होण्याचं कारण वेगळं आहे. साधी डेस्कटॉप डिस्क एक खराब सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा जास्तही झगडत बसते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ३० सेकंद वाट बघतो आणि मग लिंकच रीसेट करतो. नास (नेटवर्कवरची सामायिक साठवण) किंवा सर्व्हरसाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते, मग रेड तो भाग दुसऱ्या डिस्कवरून वाचतं आणि खराब जागी पुन्हा लिहून टाकतं. म्हणून नवी डिस्क घेताना एससीटी ईआरसीची, म्हणजे अशी लवकर हात टेकण्याची, सोय आहे ना, ते बघा. शिवाय ती सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी) हवी, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढलेले, म्हणून लिहायला मंद) नको. पाकिटावर ‘नास’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल या अर्थाचं नाव) या नास डिस्कच्या मालिकेतली काही मॉडेल एसएमआर असल्याचं २०२० मध्ये कंपनीनेच मान्य केलं होतं.

आता खरी काळजीची गोष्ट: एसडीए. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या, म्हणजे वयही तेच. एसडीबी काढली की सगळा भार एसडीएवर, आणि रिबिल्डमध्ये (नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवताना) ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाणार. म्हणून आधी बॅकअप घ्या, मग एसडीएवर स्मार्टची लाँग टेस्ट (पूर्ण डिस्क वाचून बघणारी तपासणी) लावा. सात-आठ तास लागतील, लागू द्यात.

ती पास झाली आणि मदरबोर्डवर एक सॅटा पोर्ट रिकामा असेल, तर एसडीबीला घाईने ‘फेल’ (खराब म्हणून बाद) करू नका. नवी डिस्क तिसरी म्हणून जोडा, ॲरेमध्ये (रेडमधल्या डिस्कच्या संचात) ॲड करा आणि एमडीएडीएमचा (लिनक्सचं रेड सांभाळणारं साधन) ‘रिप्लेस’ पर्याय वापरा. कॉपी चालू असेपर्यंत जुनी डिस्क ॲरेतच राहते. एसडीएवर एखादा सेक्टर अडला तरी एसडीबीवर तो सापडण्याची शक्यता उरते. पोर्ट नसेल तरच फेल, रिमूव्ह, मग ॲड.

ॲड करण्याआधी पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी) एसडीएवरून नव्या डिस्कवर उतरवावं लागतं. हे काम करणाऱ्या एसजीडिस्कच्या कमांडमध्ये जिथे लिहायचं ती डिस्क आधी येते, जिथून घ्यायचं ती नंतर. क्रम उलटला की चांगल्या डिस्कचं टेबल गेलं. एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा. नंतर नव्या डिस्कचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) बदलून घ्या.

डिस्क उपसताना एसडीबी या नावावर विसंबू नका, रीबूटनंतर नावं बदलू शकतात. स्मार्टसीटीएल (स्मार्टची माहिती दाखवणारी कमांड) मधून सीरियल नंबर कागदावर उतरवा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. ट्रे असेल आणि लेबल दिसत नसेल तर डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने चांगली डिस्क सलग वाचायला लावा. जिचा दिवा सतत लुकलुकतोय तिला हात लावायचा नाही.

रिबिल्ड १५० एमबी प्रति सेकंद धरला तर साडेसात तासांच्या आसपास, ऑफिस चालू असेल तर जास्त. शनिवारी संध्याकाळी लावा. बरेच जण इथेच थांबतात आणि ग्रब (सर्व्हर बूट करणारा प्रोग्रॅम) विसरतात. नव्या डिस्कवर ग्रब टाका. यूईएफआय (मशिन सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर बूटच्या फाइली असलेलं ईएफआय पार्टिशन सहसा मिररमध्ये नसतं, ते हाताने कॉपी करा. नाहीतर उद्या एसडीए गेली की डेटा शाबूत आणि सर्व्हर बूटच होत नाही.

लाँग टेस्टचा निकाल आला की इथे टाका. त्यात एसडीएवरही रीड एरर निघाली तर वरचा क्रम पाळू नका. आधी ॲरे बंद करून दोन्ही डिस्कच्या डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारं साधन) प्रती काढाव्या लागतील, त्याला दोन नव्या डिस्क लागतील.