लिंबू, खिळा आणि तुमचे प्रश्न

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की दरवर्षी हीच पत्रं येतात. एकदाच उरकतो.

लिंबात खिळा आणि तांब्याची तार टोचली. मीटर ०.९ व्होल्ट दाखवतो, पण टॉर्चचा बल्ब पेटत नाही. लिंबू खराब आहे का?
लिंबू ठणठणीत आहे. बल्बला ३०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट हवा, लिंबू एकसुद्धा धड देत नाही. चार लिंबं एकसर जोडा, म्हणजे एकाची तांब्याची तार पुढच्याच्या खिळ्याला, लाल एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला लावा, खोलीत अंधार करा. मिणमिणेल.

तांब्याऐवजी रुपयाचं नाणं चालेल?
नाही. ते स्टेनलेस स्टीलचं असतं.

लिंबू जितकं आंबट तितकी वीज जास्त ना?
वीज लिंबातली नसतेच. खिळ्यावरचं जस्त झिजतं, त्यातून ती येते. पहिली बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टाने १८०० साली मिठाच्या पाण्यावर काम भागवलं होतं.

कांद्यात केबल खुपसून मोबाइल चार्ज होतो, असा व्हिडिओ पाहिला.
थाप आहे. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर हवा असेल, तर निदान सहा हजार लिंबं लागतील. कांद्याचंही तेच. मार्केट यार्डात जाऊन करा.

जस्तासाठी जुने सेल फोडले तर?
याचीच धास्ती असते मला. आम्ही लहानपणी पकडीने सेल फोडायचो, हात काळे व्हायचे, आतली कार्बनची कांडी मिळाली की खूश. आता घरात असतात ते बरेचसे अल्कलाइन सेल. त्यांचं कवच पोलादी असतं आणि आत दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड. डोळ्यात उडालं तर नजर जाऊ शकते. मोबाइलची बॅटरी फोडाल तर आग. 'मुलगा हुशार आहे, जपून करतो' हे मला सांगू नका. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, तेच आणा, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना आधी दाखवा. घड्याळातले, रिमोटमधले बटण सेल तर लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत भाजतं. केळं भरवून वाट बघत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

प्रयोग झाल्यावर त्याच लिंबांचं सरबत केलं तर चालेल?
फेका ती. रसात जस्त उतरलेलं असतं. कुणी प्यायलं असेल आणि मळमळत असेल, तर मला लिहू नका, डॉक्टरांना विचारा.