वाटी जाते, पातेलं अडतं

'गॅप जंक्शनमधून सायक्लिक एएमपी जातं, मग प्रथिनं का जात नाहीत? आणि ते भोक कायम उघडंच असतं का?' असं तुम्ही विचारलंय. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. गॅप जंक्शन म्हणजे शेजारच्या दोन पेशींना जोडणाऱ्या बारीक नळ्या, आणि सायक्लिक एएमपी म्हणजे पेशीतला छोटा निरोप्या रेणू. आधी 'भोक' हा शब्द सोडा, निम्मा घोळ त्यानंच होतो.

शनिवार पेठेत आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये हातभर बोळ आहे. स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. दोन्ही उघड्या असल्या तरच आमटीची वाटी इकडून तिकडे जाते. पातेलं गजांत अडतं.

पेशींचंही तसंच. दोन आवरणांमधली फट जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर. कनेक्झिन नावाच्या प्रथिनाचे सहा रेणू कडं करून उभे राहतात, ती झाली अर्धी नळी. शेजारणीची अर्धी बरोबर समोर येऊन चिकटली की रस्ता पुरा. त्यातून साधारण १,००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) रेणू जातात (नळी कुठल्या कनेक्झिनची आणि रेणूवर विद्युतभार किती, यावरही बरंच ठरतं). सायक्लिक एएमपी ३२९ डाल्टनचं, आयपी-३ (हार्मोन आलं की पेशीत तयार होणारा असाच निरोप्या रेणू) साधारण ४२० चं, दोन्ही आरामात जातात. इन्सुलिन प्रथिनांत अगदी चिमुकलं, तरी ५,८०० च्या आसपास. ते कसलं शिरतंय!

ढकलायला पंप लागत नाही. जिकडे जास्त तिकडून कमीकडे, आपोआप. आयपी-३ पलीकडे पोचलं की तिथल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. म्हणजे हार्मोन एकीला मिळालं तरी शेजारणीही कामाला लागतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. काकूंनी ठेच्याच्या मिरच्या परतायला घेतल्या की आई आमची खिडकी धाडकन लावते. पेशी फाटली की बाहेरचं कॅल्शियम भसाभसा आत येतं आणि त्यानंच या नळ्या मिटतात. पेशीत आम्लता वाढली तरी मिटतात. नाहीतर एकीच्या जखमेतून शेजारणींचाही माल गळून गेला असता. हृदयाच्या स्नायूत तर सगळ्या पेशी अशा जोडलेल्या, तिथे हे फारच महत्त्वाचं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर आकृतीत नळीचा मधला जोड दाखवा. बहुतेक मुलं सरळ एकसंध पाइप काढतात आणि मी अर्धा गुण कापतो.