ऱ्होड्सला दोन दिवस आहेत. आई-बाबांना लिंडोसचा चढ झेपेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: सप्टेंबरअखेर ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर दोन दिवस मुक्काम, सोबत आई (६९) आणि बाबा (७३). लिंडोसचा अ‍ॅक्रोपोलिस (तिथल्या खडकावरचा प्राचीन बालेकिल्ला) करावा का, आणि केला तर त्या दिवशी ‘आई-बाबांना हॉटेलवर ठेवलेलं बरं का’. शिवाय कोलोससची, म्हणजे सात आश्चर्यांतल्या ऱ्होड्सच्या त्या पुतळ्याची, नेमकी जागा कुठे बघायला मिळते.

‘हॉटेलवर ठेवलेलं’ हे वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हॉटेलवर बॅगा ठेवतात हो, माणसं नाही.

आम्ही २०२२च्या सप्टेंबरात गेलो होतो. मी, आमचे हे, सासूबाई (तेव्हा ७२, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), आणि जर्मनीत राहणारे माझे धाकटे दीर आणि जाऊबाई. बेत सगळा भावजींचा. तिकिटं त्यांनी काढलेली, त्यामुळे कोणी काय बघायचं हेही तेच ठरवणार असा एकूण थाट. सासूबाई सिन्नरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. पाचवी ते सातवी, इतिहास-भूगोल. जगातली सात आश्चर्यं आली की त्या फळ्यावर ऱ्होड्सचा पुतळा काढायच्या: बंदराच्या दोन्ही काठांवर दोन पाय रोवलेले आणि मधून शीड उभारलेलं गलबत चाललंय. गावातले आता चाळिशीत आलेले बाप्येसुद्धा ते चित्र आठवून सांगतात.

पहिल्या संध्याकाळी मांद्राकी बंदरावर गेलो. तिथे तोंडाशी दोन खांब आहेत, एकावर हरीण, दुसऱ्यावर हरिणी. धक्क्यावर तीन जुन्या पवनचक्क्या, टोकाला सेंट निकोलसचा किल्ला. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “पुतळा कुठाय?”

भावजी म्हणाले, “आई, इथेच होता. या खांबापाशी एक पाय, त्या खांबापाशी दुसरा.”

मला राहवलं नाही. असा पाय फाकून पुतळा उभा असल्याचं कुठल्याही जुन्या लेखकानं लिहिलेलं नाही, ती मध्ययुगातली कल्पना आहे. इ.स.पू. ३०५मध्ये डिमिट्रियस नावाच्या सेनापतीनं ऱ्होड्सला वेढा घातला, वर्षभर झुंजून हात हलवत परत गेला, आणि त्यानं मागे टाकलेली वेढ्याची यंत्रं विकून आलेल्या पैशातून लोकांनी हेलिऑसचा, म्हणजे सूर्यदेवाचा, काशाचा पुतळा उभारला. साधारण ३३ मीटर उंच. बारा वर्षं काम चाललं, इ.स.पू. २८०च्या सुमाराला पूर्ण झालं. आणि पन्नास-पंचावन्न वर्षांत, इ.स.पू. २२६च्या भूकंपात, तो गुडघ्यात मोडून पडला. पुढे कित्येक शतकं तसाच पडून होता, लोक ते तुकडे बघायला यायचे. त्याच्या अंगठ्याला कवेत घेणं फार थोड्यांना जमतं, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. नेमका कुठे उभा होता, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. त्यामुळे तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर: कुठेच नाही. हरणांबरोबर फोटो काढा आणि पुढे चला.

सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एकतीस वर्षं मी पोरांना खोटंच सांगितलं.” आणि थोड्या वेळानं, “गुडघ्यात मोडला म्हणालीस ना? त्याचेही गुडघेच गेले म्हणायचे.” हे बोलून त्या इतक्या हसल्या की शेजारचा मासे पकडणारा म्हातारा वळून बघायला लागला.

“घडवला कोणी?” त्यांनी विचारलं.

“खारेस नावाचा शिल्पकार. लिंडोसचा.”

“मग उद्या लिंडोस.”

इथून भांडण सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर ते अजून मिटलेलं नाही. भावजींचं ठरलेलं होतं की आईनं हॉटेलवर आराम करायचा, आम्ही दुपारपर्यंत परत. “आई, तुला नाही झेपणार, उगाच हट्ट करू नकोस.” मी म्हटलं, भावजी, झेपतं की नाही ते त्या चढावर ठरवू देत की. आमचे हे अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतात, तसं त्यांनी घातलं.

गेलोच. जुन्या शहराबाहेरच्या नव्या बाजारापासून बस सुटते, साधारण पन्नास किलोमीटर, थांबत थांबत दीड तास धरा. सकाळची सगळ्यात पहिली बस पकडा, हे मी कळकळीनं सांगते. दहानंतर समुद्रसफरीच्या मोठ्या जहाजांची माणसं तिथे ओतली जातात आणि पांढऱ्या गल्ल्यांमध्ये दिंडीसारखी दाटी होते, फक्त अभंग नाहीत. गावात गाडी जात नाही. चौकातून पुढे सगळं पायी.

किंवा गाढव. चौकाजवळ ओळीनं उभी असतात. भावजी लगेच भाव विचारायला गेले. सासूबाई म्हणाल्या, “या वयात माझी गाढवावरून धिंड काढता का रे?” विषय तिथेच संपला. पण तुमच्यासाठी सांगून ठेवते: गाढव तिकीटखिडकीच्या खालीच सोडतं. खऱ्या पायऱ्या त्याच्यापुढे सुरू होतात, म्हणजे ज्याच्यासाठी गाढव करायचं ते काम होतच नाही. वजनाबद्दल ग्रीसमध्ये २०१८पासून नियमही आहे, शंभर किलोंच्या वर ओझं लादायचं नाही. मला तरी त्या प्राण्यांकडे उन्हात बघवलं नाही.

खडक ११६ मीटर उंच आहे, पायऱ्या तीनशेच्या आसपास. आकडा ऐकून घाबरू नका. सज्जनगड चढणाऱ्या म्हाताऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. आम्ही वीस पायऱ्या चढायचो, बसायचो. वाटेवर बायका खडकांवर भरतकामाचे टेबलक्लॉथ, क्रोशाच्या जाळ्या पसरून विकायला बसतात. सासूबाई प्रत्येकीपाशी थांबायच्या, कापड उलटं करून मागची बाजू बघायच्या आणि “मशीनचं आहे गं” म्हणून पुढे व्हायच्या. एका म्हातारीनं मात्र त्यांनी कापड उलटं करायच्या आधीच स्वतःच एक रुमाल उलटा करून दाखवला. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ, एक गाठ दिसत नव्हती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दहा मिनिटं त्या टाक्याविषयी बोलत होत्या. तो रुमाल आता आमच्या टीव्हीवर आहे, आणि त्या दहा मिनिटांत गुडघ्यांना आपोआप विसावा मिळाला.

तिकीट काढून आत गेल्यावर थोडं चढलं की एक सपाट जागा लागते आणि डाव्या हाताला खडकातच कोरलेलं जहाज दिसतं. अख्खं नाही, गलबताची मागची बाजू, वर वळलेल्या टोकासह. इ.स.पू. १८०च्या सुमाराचं काम, पिथोक्रिटॉस नावाच्या शिल्पकाराचं. त्या जहाजाच्या डेकवर हागेसांड्रॉस नावाच्या माणसाचा पुतळा उभा होता. तो गेला, जहाज राहिलं. हात पुढे केला तर कड लागेल इतकं ते जवळ आहे. (लावू नका.)

त्याच्यापुढे उभा जिना आहे, सेंट जॉनच्या शूरवीरांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या, किल्ल्यात नेणारा. सासूबाईंनी वर पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि जहाजासमोरच्या दगडावर बसल्या. “मी इथंच बसते. हे गलबत खरं आहे ना?” म्हटलं, खरं आहे. “मग बास.” आणि पर्समधून चष्मा काढून त्या ते बघत बसल्या. तासभर. मी त्यांच्याशेजारी.

भावजी आणि जाऊबाई वर जाऊन आले. वर अथेना लिंडियाचं देऊळ आहे, त्याच्याखाली लांबच लांब खांबांचा सज्जा, आणि एका बाजूला खाली सेंट पॉलची गोलसर खाडी. निळा रंग फोटोत खोटा वाटतो. हे सगळं मी त्यांच्या फोनवर पाहिलंय. म्हणजे वरचं प्रत्यक्ष कसं वाटतं याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते दुसऱ्या कोणीतरी द्यावं. “इतक्या लांब जाऊन वहिनी देवळाच्या पायाशीच बसल्या” हे वाक्य आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर दिवाळीला येतं. येऊ दे.

दुसऱ्या दिवशी जुनं शहर. तुम्हीही असंच करा, चढ पहिल्या दिवशी. जुन्या शहरात भावजींचं दुसरं पालुपद सुरू झालं: “बघा, यांनी किती जपलंय! नाहीतर आपला रायगड.” ग्रँड मास्टरच्या, म्हणजे शूरवीरांच्या प्रमुखाच्या, राजवाड्यापुढे उभे राहून हे म्हणाले. बरं वाटलं मला, कारण हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलेलं होतं. सेंट जॉनच्या शूरवीरांनी १३०९पासून बेट राखलं, १४८०चा तुर्कांचा वेढा परतवला, १५२२ला तुर्की सुलतान सुलेमाननं सहा महिने वेढा घालून ते जिंकलं आणि १ जानेवारी १५२३ला शूरवीर जहाजात बसून निघून गेले. राजवाड्याचा तुर्कांनी तुरुंग केला. १८५६ला शेजारच्या चर्चमध्ये साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि सगळं उद्ध्वस्त. आज जो दिसतो तो १९३७ ते १९४०मध्ये बेटावर सत्ता असलेल्या इटालियनांनी उभारलेला आहे, त्यांच्या राजाला आणि मुसोलिनीला सुट्टीत राहता यावं म्हणून. आतल्या फरशीवरची सुंदर मोझेकं शेजारच्या कॉस बेटावरून उचलून आणलेली. लिंडोसलाही याच लोकांनी काँक्रीट आणि लोखंड घालून खांब उभे केले, लोखंड गंजलं, आणि नंतर ग्रीकांना ती दुरुस्ती काढून पुन्हा काम करावं लागलं.

तेव्हा भावजी, याला जपणं म्हणत नाहीत. १८१८ला इंग्रजांच्या तोफांनंतर रायगडावर जळकी जोती उरली, पण जोती आहेत ती तेव्हाची आहेत. मला नुसती जोती चालतात. (ते हे उत्तर वाचणार आहेत, मला माहितीये.)

पण बाकीचं जुनं शहर खरंच जुनं आहे आणि आई-बाबांना सोपं आहे. तटाबाहेरचा कोरडा खंदक नक्की चाला: सपाट, फुकट, झाडांची सावली, आणि जागोजागी तोफांचे दगडी गोळे, काही कलिंगडाएवढे. शूरवीरांचं जुनं इस्पितळ आता संग्रहालय आहे, तिथली प्रेमदेवता अफ्रोडाइटची बसलेली छोटी मूर्ती चुकवू नका. ज्यू हुतात्म्यांच्या चौकात समुद्रघोड्यांचं कारंजं आहे, लोक तिथे आइस्क्रीम खातात. १९४४च्या जुलैत या बेटावरच्या दीड हजारांहून जास्त ज्यूंना इथून नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत नेलं. जवळच १५७७चं काहाल शालोम सिनेगॉग आहे, पाच मिनिटं तरी आत जा. सासूबाई तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत.

रस्ते मात्र गोट्यांचे. काळे-पांढरे गोटे उभे रोवून नक्षी करतात, दिसतात सुरेख, टोचतात बेदम. पातळ तळव्याच्या चपला अजिबात नकोत.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर पितारूदिया मागा, हरभऱ्याची पुदिना घातलेली भजीच ती. आणि मेलेकूनी, तीळ आणि मधाची वडी. सासूबाईंनी एक चावून “संक्रांत आली” म्हटलं आणि सहा पाकिटं घेतली.

आता एक कबुली, नाहीतर भावजी खाली येऊन लिहितील. उतरताना जास्त त्रास होतो. लिंडोसचा दगड पायांनी घासून काचेसारखा झालाय. सासूबाईंचा उजवा गुडघा नंतर चार दिवस सुजलेला होता आणि परतीच्या विमानाला व्हीलचेअर मागवावी लागली. तुमच्या बाबांना हृदयाचा किंवा चक्करेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गुडघ्याचा पट्टा आणि काठी इथूनच न्या, माणशी दीड लिटर पाणी ठेवा; वर सावली नावाला नाही. आणि कोणालाच वर जायचं नसेल तर खालच्या चौकात झाडाखाली बसायला जागा आहे, तिथून सगळा खडक दिसतो.

पण ते त्यांना चौकात पोचल्यावर ठरवू द्या.