आधी प्रथिन अडलंय कुठे ते बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पिकिया यीस्टच्या कल्चरमध्ये फॅब (अँटिबॉडीचा तुकडा) जेमतेम दिसतोय, म्हणून जनुकाच्या आणखी प्रती घालू का, असं तू विचारलंस. जरा थांब. प्रती वाढवल्यावर उत्पादन घटलेलंही मी पाहिलंय.

जनुक चालू करणारं मेथनॉल दिल्यापासून २४, ४८ आणि ७२ तासांनी नमुने काढ. प्रत्येक वेळी माध्यम वेगळं ठेव, पेशी फोडून त्यांचा अर्क वेगळा ठेव आणि दोन्ही शेजारीशेजारी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) चालव.

अर्कात पट्टा ठळक आणि बाहेर फिका असेल, तर खोळंबा ईआरमध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या कप्प्यात आहे. फॅबच्या दोन्ही साखळ्यांना तिथे नीट घड्या पडून डायसल्फाइड बंध जुळावे लागतात. गर्दी झाली की अर्धवट माल तिथेच साचतो. अशा वेळी आणखी प्रती म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी. मेथनॉल देताना तापमान ३०° वरून २०-२५° सेल्सिअसवर आण. काम संथ होतं, पण घड्या सुधारायला वाव मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर पीडीआय (हे बंध जुळवणारं एन्झाइम) जोडीला घालून बघ.

पट्टा माध्यमात आधी दिसतो आणि पुढे त्याचे तुकडे पडतात? मग प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. मेलेल्या पेशींच्या रिक्तिकांतूनही ती बाहेर येतात. दोन-तीन वेगळे पीएच तपास, प्रोटिएजना गुंतवायला थोडी कॅसअमिनो आम्लं घाल आणि कल्चर लवकर उतरव.

कुठेच काही नसेल, तर आधी क्लोन (जनुक घेतलेली पेशींची वसाहत) तपास. एकाच क्लोनवर विसंबू नकोस. मग फ्लास्ककडे बघ. शेकरवर जागा नाही म्हणून मी एकदा फ्लास्क निम्मा भरला होता. मेथनॉल पचवायला पिकियाला भरपूर ऑक्सिजन लागतो. सहा आठवडे वाया गेले. दहाव्या हिश्शाहून जास्त भरू नकोस. मेथनॉल दर २४ तासांनी ०.५ टक्के, रविवारीसुद्धा. सोमवारी दुप्पट घालून भरपाई होत नाही, पेशी मात्र मरतात.

यीस्ट प्रथिनांना जोडतं त्या मॅनोज साखरेच्या साखळ्यांची धास्ती घेऊ नकोस. नेहमीची ग्लायकोसिलेशनची (साखर जोडण्याची) जागा अँटिबॉडीच्या एफसी भागात, म्हणजे देठात असते, आणि तो तुझ्या फॅबमध्ये नाहीच. व्हेरिएबल (लक्ष्याला चिकटणाऱ्या) भागात एन-एक्स-एस किंवा एन-एक्स-टी हा साखर जोडली जाण्याची खूण असलेला अमिनो आम्लांचा क्रम नाही ना, एवढं पाहून घे. २०२० साली अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेलं अर्धशिशीवरचं एप्टिनेझुमॅब ही पिकियातच बनणारी अख्खी अँटिबॉडी. तिच्यात ती जागाच बदलून टाकली आहे.

ब्लॉट झाला की फोटो पाठव. अख्खा पाठव, मागच्या वेळी कंट्रोलची लेन कापलेली होती.