टाकीत पेट्रोल शिल्लक असताना छोटं विमान बंद कसं पडतं?

म्हापशाहून तुम्ही विचारलंय की भाची विमान शिकायला निघालीय, तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडतं हे खरं का. खरं आहे. इंधन संपणं वेगळं आणि असलेलं इंधन इंजिनापर्यंत न पोचणं वेगळं.

जुन्या मोटरसायकलचा पेट्रोल कॉक आठवा. गाडी रिझर्व्हला लागली की खाली हात घालून खटका फिरवायचा. पायपर वॉरियरसारख्या खाली पंख असलेल्या विमानात तसाच खटका असतो: डावी टाकी, उजवी टाकी, बंद. दोन्ही एकदम चालू ठेवायची सोय नाही. डावी कोरडी पडली तर उजवी अर्धी भरलेली असूनही इंजिन गप्प होतं. म्हणून दर अर्ध्या तासाने घड्याळ बघून टाकी बदलावी आणि वेळ कागदावर लिहावी.

उड्डाणाच्या तोंडावर मात्र टाकी अजिबात बदलू नये. पाइपात आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही वेळ छान चालतं. खटका अर्धवट बसलेला असेल तर ते कळतं चाकं जमीन सोडल्यावर, उंची हाताशी नसताना. ज्या टाकीवर रन-अप (उड्डाणापूर्वीची इंजिनाची चाचणी) केला, तिच्यावरच उडावं.

हवेत इंजिन अडखळलं तर आधी वेग सांभाळायचा, मग दुसरी टाकी, विजेचा पंप चालू, मिक्श्चर रिच (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). टाकी कोरडी पडून पाइप रिकामे झाले असतील तर ते भरायला दहा सेकंदही लागू शकतात. तेवढ्यात घाबरून खटका परत फिरवू नये.

गायक जॉन डेनव्हर १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत विमान कोसळून गेले. त्यांच्या लाँग-ईझी विमानात हा खटका डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवायला वळताना उजवं रडर (पायाने चालवायचं सुकाणू) नकळत दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. नवं विमान हाती आलं की खटका डोळे मिटून सापडेपर्यंत भाचीने इंजिन सुरू करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

इंधन संपण्याचे काही अपघात इंधनाच्या काट्यावर विसंबल्याने होतात. टाकीत मोजपट्टी घालूनच मोजावं. सेसना १५२ या शिकाऊ विमानाच्या साध्या टाक्यांत वापरता येण्याजोगं सुमारे ९३ लिटर मावतं आणि तासाला साधारण २३ लिटर जळतं. म्हणजे चार तास, पण मिक्श्चर नीट लीन केलं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण कमी केलं, तरच. माझ्या मते त्यातला एक तास नाहीच असं धरावं.

आपल्या पावसाळ्यात आणखी एक धोका म्हणजे पाणी. टाकीच्या झाकणाची रबरी कडी झिजली की पाऊस आत झिरपतो, आणि अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचंही रात्री पाणी होतं. ते तळाशी बसतं. म्हणून उड्डाणापूर्वी प्रत्येक निचरा-तोटीतून नमुना काढून उजेडात धरावा. एव्हगॅस १०० एलएल हे छोट्या विमानांचं पेट्रोल निळं असतं आणि पाण्याचा पारदर्शक थेंब त्याच्या तळाशी दिसतो. सगळा नमुनाच पाण्याचा असेल तर थर दिसणार नाही, म्हणून आधी रंग बघायचा. निळा नसेल तर तो निळा येईपर्यंत काढत राहायचं, आणि नाहीच आला तर विमान उभं ठेवून इंजिनिअरला बोलवायचं.