२०१३ ची बीएमडब्ल्यू ३२०डी नऊ लाखांत मिळतेय, लातूरला घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय: गाडी डिझेल, ९५ हजार किलोमीटर झालेले, तुमच्या आधी दोन मालक, सांगतोय नऊ लाख. खराबी काय निघते आणि खर्च किती येतो, असा प्रश्न आहे.

घ्या, पण बारा लाखांची सोय असेल तरच. नऊ त्याला द्यायचे, तीन घरात ठेवायचे. ही गाडी नवी होती तेव्हा तीस लाखांच्या आसपासची होती. आज ती नऊवर आली, पण पार्ट मात्र तीस लाखांच्या गाडीच्या भावानंच मिळतात.

माझ्याकडे याच वर्गातली, दुसऱ्या कंपनीची सेडान पाच वर्षं होती, नांदेडला. मीही जुनीच घेतली होती. पहिल्याच मे महिन्यात अहमदपूरच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा चढला. टो करून आणली. मिस्त्रीनं इंजिन गार होऊ दिलं आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. बंबाच्या आत बसतो तसा पांढरा थर. "मालक, कुणीतरी ह्यात बोअरचं पाणी ओतलंय की." मग त्यानं पाइपाची प्लॅस्टिकची तोटी नुसती दोन बोटांत धरली, तर बिस्किटासारखी तुटून हातात आली. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टाकी, पाइप मिळून ६२ हजार गेले. दोष गाडीचा नव्हता, आधीच्या मालकाच्या हंड्याचा होता. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यात आणि ४२ अंशांच्या उन्हाळ्यात ही प्लॅस्टिकं लवकर जातात. तुम्ही बघताय त्या गाडीच्या कूलंटच्या टाकीत आधी हेच बघा. कूलंटला रंग हवा. गढूळ किंवा पाण्यासारखं दिसलं तर किंमत तिथेच पाडून मागा.

या मॉडेलची सगळ्यात मोठी भीती टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणाऱ्या साखळीची. त्या वर्षाच्या ३२०डीत एन४७ नावाचं इंजिन येतं आणि त्याची चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे. बदलायची म्हटलं की गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पार्टपेक्षा मजुरीच जास्त. बाहेरच्या गॅरेजातही दीड लाखाची तयारी ठेवा, आणि चेन तुटलीच तर इंजिनच गेलं समजा. सुरुवातीच्या, म्हणजे २०११ पर्यंतच्या इंजिनांत ही तक्रार जास्त होती, त्यामानानं २०१३ ची बरी. तरी कान लावाच. सकाळी सहाला जा, न सांगता. आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर मालकानं तुमच्यासाठी गाडी तापवून ठेवलीय. चहा घ्या, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू केल्यावर डॅशबोर्डच्या बाजूनं साखळी घासल्यासारखा खरखर आवाज आला, तर तो माणूस कितीही गोड बोलो, उठून या.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा आहे, मला विचाराल तर गाडीतली सगळ्यात चांगली वस्तू. फक्त 'ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही' हे बीएमडब्ल्यूचं म्हणणं ऐकू नका. बनवणारी झेडएफच ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरला बदला म्हणते. फिल्टर खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पॅनसकट बदलावं लागतं. चाळीस हजार धरा. या गाडीचं बदलल्याचं बिल नसेल तर ते काम तुमच्याच गळ्यात आहे.

टायर रनफ्लॅट, म्हणजे डिकीत स्टेपनी नाही. पंक्चर झाल्यावर ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण बाजू कडक असल्यानं खड्ड्यात दणका थेट रिमला बसतो. उसाच्या हंगामात आपले रस्ते कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको. एक टायर पंधरा-वीस हजारांच्या घरात. बरेच जण साधे टायर टाकून डिकीत छोटी स्टेपनी ठेवतात, मीही तेच केलं असतं. सस्पेन्शनचे बुशही याच रस्त्यांनी जातात. बॅटरी बदलली तर ती स्कॅनरनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं, गाडीत नोंदवावी लागते; नाक्यावरचा बॅटरीवाला ते करत नाही.

आता दुखणं सांगतो, ते अंतराचं. २०१० मध्ये संभाजीनगरकरांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तिकडे असल्या गाड्यांचा मिस्त्री शोधत फिरावं लागत नाही. लातुरात लागतो. पुणं सव्वातीनशे किलोमीटर, आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढत न्यायची नसते, फ्लॅटबेडच लागतो. म्हणून गाडीआधी मिस्त्री ठरवा. स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या, दोन-तीन हजार मागेल, द्या.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं बाकी आहेत का, आणि पासिंग मूळचं कुठलं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडचा माल इकडे स्वस्तात येतो, मग इथला रोड टॅक्स तुम्हाला भरावा लागतो.

आणि कूलंटच्या टाकीचं झाकण गार इंजिनावरच उघडा. तापलेलं उघडलंत तर तोंडावर उडेल.